गरम झाली की काटा पडतो: जुन्या पिकअपच्या ऑइल प्रेशर मीटरचा घोळ

गेल्या उन्हाळ्यात माझ्या पिकअपचा ऑइल प्रेशरचा काटा तीनदा दुरुस्त झाला आणि तीनदा पुन्हा पडला. चौथ्यांदा थेट इंजिनच उतरणार होतं, ते थोडक्यात टळलं. ज्यांच्या गाडीला हाच रोग आहे त्यांच्यासाठी सविस्तर लिहितो, कारण माझे पैसे ज्या क्रमानं वाया गेले त्याच क्रमानं बहुतेकांचे जातात.

गाडी २००५ ची, अडीच लिटरचं साधं डिझेल इंजिन. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. दोष तिचा नव्हता आणि त्या काळातल्या बऱ्याच पिकअपांची मीटरं याच पद्धतीची आहेत. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतून टॉवेल-चादरींच्या गाठी उचलून ट्रान्सपोर्टला टाकायच्या हे रोजचं काम. कांद्याच्या हंगामात मार्केट यार्ड, आणि आठवड्यातून एखादी फेरी तुळजापूरकडं.

लक्षण असं. सकाळी थंड इंजिन चालू केलं की काटा झकास वर. दुपारी बेचाळीस अंशांत, गाडी भरलेली, तुळजापूरचा घाट चढून आलो आणि इंजिन स्लोवर आलं की काटा शून्यावर. रेस केली की उठतो, सोडली की पुन्हा लोळतो. सात रस्त्याच्या सिग्नलला तर माझा एक डोळा सिग्नलवर आणि दुसरा काट्यावर. डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा मात्र एकदाही लागला नाही. ही खूण मी तेव्हाच नीट वाचली असती तर पुढचं रामायण झालंच नसतं.

पहिल्यांदा सेन्सर बदलला. आठ-दहा दिवस बरे गेले, मग पुन्हा तेच. दुसऱ्यांदा दुसऱ्या दुकानातून ‘एकदम ओरिजिनल’ म्हणून आणला. तिसऱ्यांदा सेन्सरची वायर आणि थिंबल (वायरच्या टोकाचा जोड) नवी. त्यानंतर एका गॅरेजमध्ये इंजिनाला कान लावून निकाल मिळाला, “मालक, बेरिंगं गेलीत. इंजिन उतरवावं लागतंय.” खर्चाचा आकडा ऐकून त्या रात्री जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या एका म्हाताऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडं गेलो. सगळे त्यांना अण्णाच म्हणतात. माझी सगळी कहाणी ऐकून झाल्यावर बॉनेट उघडायच्याही आधी त्यांनी एकच विचारलं, “प्रेशर मोजलंय का कुणी?”

कुणीच मोजलं नव्हतं.

आधी मोजा

त्याआधी एक गोष्ट. गाडी पळत असताना, म्हणजे इंजिनाचे फेरे वाढलेले असताना लाल दिवा लागला, किंवा काटा पडला आणि सोबत टकटक ऐकू आली, तर मोजायबिजायचं नंतर. गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा, टो करून न्या. बेरिंगला ऑइल नसताना ‘जवळच तर आहे गॅरेज’ म्हणून नेलेले दोन किलोमीटर क्रँक खाऊन टाकतात. दिवा लागत नसेल, आवाज नसेल, तरच पुढचं निवांत वाचा.

सपाट जागी गाडी लावून, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी ऑइलची पट्टी (डिपस्टिक) बघा. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. खाली असेल तर उत्तर तिथंच मिळालं. पण वर असेल तर जास्त काळजी करा, त्याबद्दल शेवटी येतो. मग चावी लावून, इंजिन चालू न करता, लाल दिवा लागतो का बघा. लागलाच पाहिजे. लागत नसेल तर बल्ब उडालाय किंवा कुणीतरी वायर काढून ठेवलीय, आणि मग इतके दिवस ‘दिवा लागत नाही म्हणजे ठीक आहे’ या हिशोबाला काही अर्थ नव्हता.

दिव्याचा स्विच आणि काट्याचा सेन्सर या दोन निराळ्या गोष्टी आहेत. स्विच म्हणजे नुसतं हो किंवा नाही: प्रेशर साधारण ०.३ ते ०.५ बारच्या खाली गेलं की दिवा लावायचा. सेन्सर प्रेशरप्रमाणे आपला विजेचा रोध बदलतो, त्यावर काटा हलतो. माझ्या इंजिनाला दोन्ही वेगळे बसवलेले. काही गाड्यांत दोन्ही एकाच डब्यात असतात आणि त्यावर दोन टर्मिनल असतात. म्हणजे माझ्याकडं काटा शून्य म्हणत होता आणि स्विच म्हणत होता की निदान अर्धा बार तरी आहे. दोघांपैकी एक खोटं बोलत होता.

याचा निवाडा करायचा तो साध्या मेकॅनिकल गेजनं, जो वीज ओळखतच नाही. आत वाकवलेली पितळी नळी असते, ऑइलच्या दाबानं ती सरळ व्हायला बघते आणि दातऱ्यातून काटा फिरवते. अण्णांनी इंजिनावरचा सेन्सर काढून त्या भोकात रबरी होजचा टेस्ट गेज बसवला. गेज बॉनेटच्या कडेला टांगला, केबिनमध्ये नेला नाही. थंड इंजिन: साडेचार बार. मग मला म्हणाले, “जावा, एक चक्कर मारून या.” विजापूर रोडनं पंधरा किलोमीटर जाऊन आलो. गरम इंजिन स्लोवर: १.१ बार. अंदाजे दोन हजार फेऱ्यांना (आरपीएम मीटर नाही, कानानंच): ३.२ बार.

गरम इंजिनाला दर हजार फेऱ्यांमागं निदान १० पौंड (पीएसआय) प्रेशर असावं, असा जुना ठोकताळा आहे. १० पौंड म्हणजे ०.७ बार. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये आकडा असेल तर तोच धरा, पण या ठोकताळ्यानं पाहिलं तरी माझं इंजिन ठणठणीत होतं. बेरिंगं जागच्या जागी होती.

एककांचा घोळ आत्ताच सोडवून टाकतो. मिस्त्री ‘किलो’त (दर चौरस सेंटिमीटरला किलो) बोलतात, मीटरवर बार असतो, टेस्ट गेजवर बहुधा पौंड. १ बार म्हणजे १४.५ पौंड, १ किलो म्हणजे १४.२ पौंड. बार आणि किलो आपल्या कामापुरते सारखेच समजा.

आणि गरम झाल्यावर प्रेशर उतरणं हा रोग नाहीच. १५डब्ल्यू-४० ऑइलचा दाटपणा ४० अंशांना साधारण १०० ते ११० सेंटिस्टोक असतो, १०० अंशांना तो १४-१५ वर येतो. सातपट पातळ झालेलं ऑइल त्याच फटींतून भराभर निसटणार. सकाळचा साडेचार दुपारी सिग्नलला दिसणार नाही, दिसावा अशी अपेक्षाही धरू नये.

मग काटा खोटं का बोलत होता

जुन्या मीटरमध्ये काटा हलवते ती दोन धातूंची पट्टी. तिच्याभोवती तार गुंडाळलेली असते, करंट गेला की पट्टी तापून वाकते. माझ्या मीटरात जास्त करंट म्हणजे जास्त वर काटा. हा करंट सेन्सरमधून इंजिनाच्या बॉडीत आणि तिथून अर्थच्या (अर्थिंगच्या, इंजिन चेसिसला जोडणाऱ्या) पट्टीनं बॅटरीकडं परत जातो. वाटेत कुठंही गंजलेला सांधा आला की करंट कमी, काटा खाली. प्रेशर मुळातच कमी असतं त्या वेळी, म्हणजे गरम इंजिन स्लोवर असताना, एवढीशी घटसुद्धा काट्याला थेट शून्यावर नेते. सकाळी साडेचार बार असताना काटा जरासा खाली राहिला तर कुणाच्या लक्षात येतंय?

अण्णांनी मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवला, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिन ब्लॉकला. इंजिन चालू, हेडलाइट चालू. तिथं ०.१ व्होल्टच्या वर काही दिसायला नको. ०.७ दिसले. मग एक जाड वायर ब्लॉकवरून थेट बॅटरीच्या निगेटिव्हला धरली आणि मला केबिनमध्ये बसवलं. काटा शून्यावरून उठून आपल्या जागी येऊन बसला. चार महिने आणि दोन सेन्सर!

इंजिन आणि चेसिस यांच्यामधली विणलेली पट्टी खालून हिरवी पडली होती, अर्ध्याहून जास्त तारा तुटलेल्या. सेन्सर बदलताना दर वेळी त्याच बाजूला पाना लागायचा, पट्टी हलायची, सांधा थोडा घासला जायचा आणि आठ दिवस बरे जायचे. म्हणून नवा सेन्सर चाललाय असं वाटायचं. अजून एक खूण मी कित्येक महिने वाऱ्यावर सोडली होती: स्टार्टर मारताना ॲक्सिलरेटरची केबल गरम लागायची. पट्टी मेली की स्टार्टरचा करंट मिळेल त्या वाटेनं परत जातो, आणि बिचारी केबल ही त्यातली एक वाट.

नवी पट्टी घ्याल तेव्हा बॅटरीच्या केबलइतकीच जाड घ्या, कारण स्टार्टरचा सगळा करंट हिच्यातून जातो. दोन्हीकडचा रंग आणि गंज खरवडून चकचकीत धातू काढा, मग आवळा, वरून ग्रीस.

अजून एक तपासणी, जी मला लागली नाही पण तुम्हाला लागेल. ऑइलचा काटा एकटाच वेडावाकडा वागतो की डिझेल आणि टेंपरेचरचे काटेही त्याच्यासोबत वरखाली होतात? तिन्ही एकत्र नाचत असतील तर सेन्सरच्या मागं लागू नका. अनेक जुन्या गाड्यांत या मीटरांना १२ नाही, साधारण १० व्होल्ट देणारा एक छोटा स्टॅबिलायझर डॅशबोर्डमागं असतो. तो किंवा डॅशबोर्डचा अर्थ बिघडला की सगळे एकदम बिघडतात.

नवं मीटर, नवा घोळ

एवढं झाल्यावर शहाणा माणूस गप्प बसला असता. पण जुन्या मीटरवर आकडेच नाहीत, नुसती ‘एल’ आणि ‘एच’ अशी दोन टोकं. दिवा लागतो तो अर्ध्या बारला, आणि भरल्या गाडीनं घाटात अर्धा बार म्हणजे वरात निघून गेल्यावर बँड. मला आकडा हवा होता. म्हणून ५२ मिलिमीटरचं, ० ते १० बारचं इलेक्ट्रिक मीटर आणलं. मेकॅनिकल मीटर थेट केबिनमध्ये लावणारेही आहेत, स्वस्त पडतं. पण मग इंजिनातलं तापलेलं ऑइल बारीक नळीतून तुमच्या गुडघ्यापर्यंत येतं. तांब्याची नळी हादऱ्यांनी कडक होऊन चिरते, नायलॉनची सायलेन्सरच्या पाइपाला लागली की वितळते. मालाच्या गाडीला माझा सल्ला, नकोच.

मीटर एका दुकानातून, सेन्सर दुसऱ्यातून. ‘सगळे सारखेच असतात की ओ’ म्हणून दिला. चावी फिरवली, इंजिन बंदच, आणि काटा धाडकन दहा बारच्या पलीकडं. इंजिन चालू केलं तर खाली यायला लागला. उलटं!

सगळे सारखे नसतात. बाजारात मुख्यतः दोन जाती आहेत. युरोपियन पद्धतीच्या सेन्सरचा रोध शून्य प्रेशरला १० ओहम असतो आणि पूर्ण प्रेशरला १८० च्या आसपास चढतो. अमेरिकन पद्धतीचा शून्याला २४० असतो आणि पूर्ण प्रेशरला ३३ वर उतरतो. एकाचं मीटर आणि दुसऱ्याचा सेन्सर अशी जोडी लावली की नवरा पूर्वेला आणि बायको पश्चिमेला. ओळखायला मल्टीमीटर पुरे: इंजिन बंद, सेन्सरची वायर काढलेली, टर्मिनल आणि बॉडी यांच्यात ओहम मोजा. १० च्या आसपास की २४० च्या, लगेच कळतं. मीटरची जात ओळखायला सेन्सरकडची वायर मोकळी सोडा आणि मग क्षणभर अर्थला टेकवा. मोकळी असताना काटा वर आणि अर्थला शून्य, तर १०–१८० वालं. उलट असेल तर २४०–३३ वालं.

यापेक्षा फसवी जोडी वेगळीच आहे. ५ बारचा आणि १० बारचा सेन्सर, दोन्ही १० ते १८० ओहमचेच. १० बारच्या मीटरला ५ बारचा सेन्सर लागला तर काटा सरळच चालतो, फक्त आकडा दुप्पट दाखवतो. खरा ०.६ असताना १.२ दिसतो आणि आपण निवांत. म्हणून मीटर आणि सेन्सर एकाच डब्यातला सेट घ्या, आणि बसवल्यावर एकदा टेस्ट गेजशी ताडून बघा. मी ताडला: गेज ३.१, मीटर ३ च्या किंचित वर. चाललं.

आट्यांचं प्रकरण त्याहून नाजूक. ब्लॉकवरचं भोक एम-१० (मिलिमीटरच्या मापाचं) असू शकतं, १/८ बीएसपी (ब्रिटिश पाइपचा आटा) असू शकतं, १/८ एनपीटी (अमेरिकन पाइपचा आटा) असू शकतं. शेवटच्या दोघांत इंचामागं २८ आणि २७ आटे एवढाच फरक दिसतो, आट्याचा कोनही वेगळा असतो, आणि पहिले दोन-तीन आटे एकमेकांत गुण्यागोविंदानं जातात. मग अडकतं. तिथं पाना मारून जो पुढं ढकलतो त्याचा ब्लॉक बिघडतो. हातानं चार-पाच आटे सहज गेले नाहीत तर थांबा, जुना सेन्सर घेऊन लेथवाल्याकडं जा आणि बरोबर अडॅप्टर करून घ्या. मी तेच केलं.

टेफ्लॉन टेप लावू नका. सेन्सरचा अर्थ आट्यांतूनच जातो, टेप तो अडवते. म्हणजे अर्थची पट्टी बदलून जो रोग घालवला तो मागच्या दारानं परत. शिवाय टेपचा तुकडा ऑइलच्या वाटेत गेला तर तो कुठं जाऊन बसेल सांगता येत नाही. सरळ आट्याला तांब्याचा वॉशर, निमुळत्या आट्याला पातळ सीलंट, तेही पुढचे दोन आटे सोडून.

लाल दिव्याचा स्विच काढून त्या जागी सेन्सर बसवायचा मोह होतो, कारण बऱ्याच इंजिनांना भोक एकच असतं. स्विच ठेवाच. रात्री मोहोळच्या पुढं झोप डोळ्यावर आलेली असताना काटा कोण बघतंय, दिवा मात्र डोळ्यात घुसतो. एकच भोक असेल तर दोन टर्मिनलवाला सेन्सर घ्या किंवा टी (तीन तोंडांचा जोड) लावा. पण पितळी टीवर जड सेन्सर लोंबकळत ठेवला तर डिझेल इंजिनाच्या थरथरीनं टीची मान कधीतरी मोडते आणि सगळं ऑइल रस्त्यावर. छोट्या होजनं सेन्सर बाजूला बॉडीवर बसवा, आणि मग त्याच्या बॉडीला वेगळी अर्थची वायर द्या, कारण रबरी होजमधून अर्थ येत नाही.

वायरिंगचं थोडक्यात. प्लस चावीनंतरच्या लाइनवरून, ३ ते ५ अँपिअरचा फ्यूज घालून. मीटरच्या आतल्या उजेडाच्या दिव्याची वायर पार्किंग लाइटवरून. जुन्या मीटरची वायर नव्याला देऊ नका. ती स्टॅबिलायझरवरून येत असेल तर १२ व्होल्टचं मीटर चुकीचं दाखवेल. सेन्सरच्या टर्मिनलला थेट प्लस तर चुकूनही लावू नका, जळतो. वायर फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून) आत घेताना रबरी ग्रोमेट घाला.

आणि काटा खरंच खरं बोलत असेल तर

टेस्ट गेजवरही प्रेशर कमी आलं, तरी लगेच इंजिन उतरवू नका. पट्टीवर पातळी वर दिसली आणि ऑइलला डिझेलचा वास आला, तर फीड पंपातून किंवा इंजेक्टरकडून डिझेल चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत) उतरतंय. ते आधी बंद करा, ऑइल-फिल्टर बदला, पुन्हा मोजा. थंड असतानाही कमी, गरम असतानाही कमी, तर रिलीफ व्हॉल्व्हमध्ये (जादा प्रेशर सोडून देणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये) कचरा अडकलाय का बघा. स्वस्तातलं काम आहे. स्लोवर ठीक आणि रेस केल्यावर पडतं, तर चेंबर खोलून ऑइलची जाळी बघा, गाळानं भरलेली असते. थंड असताना छान, गरम झाल्यावर स्लोला अर्ध्या बारच्या खाली आणि खालून जड ठोका, तेव्हा मात्र बेरिंग किंवा पंप. तेव्हा तो गॅरेजवाला बरोबर. बेरिंगाच्या नावानं घाबरून कुणी दाट ऑइल ओतायला सांगेल; काटा वर येतो, पण सकाळच्या थंड स्टार्टला ते ऑइल वरपर्यंत पोचायला उशीर लावतं, आणि झीज होते तीही खरी तेव्हाच.

नवं मीटर लागल्यापासून डॅशबोर्डला चिकटवलेल्या कागदावर मी तीन आकडे लिहून ठेवतो: थंड स्टार्ट, गरम स्लो, हायवेवर साठच्या वेगाला. महिन्यातून एकदा, त्याच रस्त्यावर, शक्यतो सारखंच वजन भरून. मेमध्ये गरम स्लो ०.९ पर्यंत उतरला, जूनमध्ये ऑइल बदलल्यावर १.१ वर परत. एकट्या आकड्यापेक्षा तो कुठून कुठं चाललाय ते जास्त सांगतं.

एक चूक राहिली होती. जुन्या मीटरची वायर काढली पण मीटर तसंच डॅशबोर्डवर ठेवलं. मामेभाऊ कांदा घेऊन गेला होता, रात्री अकराला टेंभुर्णीच्या पुढून फोन, “दादा, ऑइलचा काटा शून्यावर आहे, गाडी बंद करून बसलोय!” नवं मीटर त्याच्या नाकासमोर तीन बार दाखवत होतं, ते त्याला घड्याळ वाटलं. दुसऱ्या दिवशी जुन्या मीटरच्या काचेवर काळी टेप मारली.